मिटलेला खटका

१

चाक रस्त्याच्या एका कडेला पडलं होतं आणि सायकल दुसऱ्या कडेला. मधल्या जागेत घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणारी एक नर्स पालथी पडली होती. सोमवार, सकाळचे सात. पाण्याच्या टाकीकडून खाली येणारा उतार, उताराच्या पायथ्याशी गतिरोधक. सायकलचं पुढचं टोक गतिरोधकावर उचललं गेलं आणि चाक चिमट्यातून सुटून एकटंच पुढे निघून गेलं. बाईंचा जबडा दोन ठिकाणी मोडला, उजवा खांदा निखळला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला.

शनिवारीच तिनं सायकल दुरुस्त करून आणली होती. नवऱ्यानं मंगळवारी ग्राहक तक्रार कार्यालयात अर्ज दिला, बुधवारी मिस्त्रीच्या दुकानाला सील लागलं आणि गुरुवारी सायकल माझ्या टेबलावर आली.

मी कोण, तेही सांगते. सायकलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी चाचणी विभागात होते. म्हणजे लोक सायकली बनवायचे आणि मी त्या मोडायची. कितव्या धक्क्याला काय तुटतं, ते वहीत लिहायची. निवृत्त झाल्यावर गुडघे गेले, एका कानाला यंत्र लागलं, पण डोळे शाबूत आहेत. असं काही झालं की कार्यालयवाले मला बोलावतात.

या सायकलचं पुढचं चाक खटक्याचं होतं. पाना लागत नाही. आसाच्या एका बाजूला बोटभर दांडी असते, तिला आम्ही खटका म्हणायचो. दुसऱ्या बाजूला छोटा नट. खटका उघडला की चाक सैल, मिटला की घट्ट.

मी आधी खटका पाहिला. तो मिटलेला होता.

उघडा राहिला असता तर प्रश्नच नव्हता. मिस्त्री विसरला, मामला खतम. पण मिटलेल्या खटक्यानिशी चाक बाहेर आलं होतं.

मग मी चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं त्या दुहेरी दांडीच्या, टोकांवरून अंगठा फिरवला. ज्या खाचांमध्ये आस बसतो, त्यांच्या कडेला बाहेरून एक बारीक उंचवटा असतो. कारखान्यात आम्ही त्याला ओठ म्हणायचो. खटका चुकून सैल राहिला तरी चाक ओठांवर अडकतं. खडखडतं, डुगडुगतं, पण सुटून जात नाही. माणसाला उतरायला वेळ मिळतो.

माझा अंगठा सरळ घसरला. मी भिंग घेतलं. काळ्या रंगाखाली कानशीचे चरे दिसत होते, एकसारखे, बारीक.

दोन्ही ओठ कुणीतरी घासून काढले होते.

२

मिस्त्री आपल्याच सील लावलेल्या दुकानासमोर पालथ्या खोक्यावर बसला होता. पन्नाशीचा, रुंद पंजांचा माणूस. एरवी हातात काहीतरी असायचंच, म्हणून की काय, रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"बाई, मी चाक बसवलं ते नीट बसवलं," तो म्हणाला. "खटका तळव्यानं दाबून मिटला. मग सायकल उचलून दोनदा आपटली. मी प्रत्येक सायकल आपटतो. गिऱ्हाईक ओरडतात, तरी आपटतो."

ते खरं असावं. खटका जोरात मिटला की त्याखालच्या दातेरी टोपीचे ठसे चिमट्याच्या रंगात उमटतात. तसे ताजे ठसे मी पाहिले होते. पण त्या ठशांवरून गोल गोल ओरखडेही गेले होते, कुणीतरी टोपी जागच्या जागी फिरवल्यासारखे. ते कशाचे, हे मला अजून उमगलं नव्हतं.

"आणि ओठ?" मी विचारलं.

त्यानं हात मांडीवर पुसले.

"मिस्त्री, तुम्ही चाक काढलंत, घातलंत. ओठ नाहीत हे तुम्हाला दिसलं नाही, असं मला सांगू नका."

तेवढ्यात कुरियरवाला आला. लांबट खोकं त्यानं मिस्त्रीच्या मांडीवर ठेवलं, सही घेतली आणि शिटी वाजवत गेला. मिस्त्री ते खोकं पायामागे सरकवायला लागला. मी हात पुढे केला. त्यानं क्षणभर विचार केला आणि देऊन टाकलं.

आत नवा कोरा चिमटा होता. नर्सच्या सायकलच्या मापाचा. दोन्ही टोकांना ओठ. वरच्या कागदावर मागणीची तारीख होती शनिवारची. अपघाताच्या दोन दिवस आधीची.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कुणी घासले?"

"ते मी सांगणार नाही."

"दुकान कायमचं जाईल हो तुमचं."

"जाऊ दे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तोरा नव्हता, नुसता थकवा होता. "एका माणसाला शब्द दिलाय. आणि तसंही, ओठ नसलेली सायकल मी दुकानाबाहेर जाऊ दिली. तेवढा गुन्हा माझा आहेच."

३

नर्सचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मी प्रत्येक जिन्यावर थांबत वर पोचले, तेव्हा चाक रोज वर नेणाऱ्या त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं. खाली वाहनतळातून दोन वर्षांपूर्वी तिचं पुढचं चाक चोरीला गेलं होतं. तेव्हापासून सायकल खाली साखळीनं बांधलेली आणि पुढचं चाक रात्री घरात, चपलांच्या कपाटाशेजारी.

दार नवऱ्यानं उघडलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. माझ्या हातातलं कार्यालयाचं पत्र त्यानं घेतलं, खिशातून लाल पेन काढलं आणि वाचायच्या आधीच एक खूण केली.

"'चौकशीसाठी'तला 'शी' ऱ्हस्व लिहिलाय," तो म्हणाला. "माफ करा. सवय."

पेन धरलेल्या त्याच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. चार दिवस झोप झाली नसल्याचं चेहऱ्यावरून दिसत होतं.

"त्या मिस्त्रीला सोडू नका," तो म्हणाला. "माझी एक मात्रा चुकली तर मला बोलणी बसतात. त्याच्या चुकीनं माणूस मरतो."

खिडकीपाशी त्याचे वडील बसले होते. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दुकान बंद केलं तरी टेबल घरी आणलं होतं. काचेच्या झाकणाखाली उघडी घड्याळं, लाकडी खोबणीत लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं उभ्या कानशी. मी त्या कानशींकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सोमवारी सकाळी चाक कुणी बसवलं?" मी विचारलं.

"तीच बसवते. रोज," नवरा चटकन म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

तो जाताच बाबा माझ्याकडे सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "दोघांचं बोलणं बंद होतं हो. सहा दिवस. यानं ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं. कुणीतरी विचारलं, वहिनी काय करतात? हा हसत म्हणाला, काही नाही, पट्ट्या बदलते. ती ताटं वाढत होती. वाढून झाली, आत गेली, आणि त्यानंतर याच्याशी एक शब्द नाही."

"आणि तो?"

"तो रोज तिच्या दाराशी जाऊन परत यायचा." त्यांनी डोळ्यांवरचं भिंग वर सरकवलं. "एक विचारू? चिमट्यात काही दोष सापडला का?"

मी पिशवीतून पेन काढता काढता थांबले. वर्तमानपत्रात आलं होतं ते एवढंच, की चाक निसटलं. अर्जात लिहिलं होतं ते एवढंच, की मिस्त्रीनं चाक सैल ठेवलं. चिमट्याबद्दल मी कुणाशीच काही बोलले नव्हते, एका मिस्त्रीशिवाय.

४

इस्पितळात ती उशांना टेकून बसली होती. जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात गळ्यात. मांडीवर वही, डाव्या हातात पेन्सिल. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं यायचं आणि ती स्वतःच त्याला हसायची, डोळ्यांनी.

"काय झालं, आठवतं?"

तिनं लिहिलं, *नाही.*

"चाक त्या दिवशी कुणी बसवलं?"

*मीच.*

पेन्सिल जरा जोरातच उमटली.

मी पिशवीतून माझं चाचणीचं सामान काढलं. जुना ओठवाला चिमटा आणि खटक्याचं चाक. तिच्या पलंगावर ठेवलं आणि म्हटलं, "एका हातानं जमेल तसं दाखवा."

माझी ही जुनी खोड आहे. लोक तोंडानं काहीही सांगतात. हातानं खोटं बोलणं फार कठीण.

मी चिमटा धरला. तिनं डाव्या हातानं चाक खाचेत सरकवलं, खटका अर्ध्यावर आणून जोर लागतोय का ते पाहिलं. जोर कमी वाटला तसा पलीकडचा नट अर्धा फेरा आवळला. मग तळवा टेकवून खटका दाबला, इतका की कपाळावर शीर उभी राहिली. शेवटी चाक वर ओढून हलवून पाहिलं. सगळं न बघता, माझ्याकडे बघत.

"तुम्ही खोटं लिहिलंत," मी म्हणाले.

तिनं चाकावरचा हात काढून घेतला.

"चिमट्यावर गोल ओरखडे आहेत. ते खटका नटासारखा गरगर फिरवल्यावर पडतात. तुमचा हात असं करूच शकत नाही. सोमवारी दुसऱ्या कुणीतरी चाक बसवलं. तुम्ही खाली आलात तेव्हा ते आधीच बसवलेलं होतं. तुम्ही कुणाला वाचवताय?"

तिनं वहीचं नवं पान उलटलं. मग वहीत एकच ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे वळवली.

*ते म्हातारे आहेत. त्यांना काही कळू देऊ नका.*

५

शनिवारी चारच्या भेटीच्या वेळेला मी सगळ्यांना तिच्या खोलीत बोलावलं. तिला आधी एकटीला गाठून म्हटलं होतं, "तुम्हाला वाटतं तेवढं हे वाईट नाही. माझ्यावर सोडाल का?" तिनं मानेनंच हो म्हटलं होतं.

बाबा खुर्चीत बसले. नवरा खिडकीशी उभा राहिला. मिस्त्री आत आला तसा नवरा ताडकन वळला. "हा इथे कशाला?"

"त्यांचंही इथे काम आहे," मी म्हणाले. "आधी मी बोलते. मग तुम्ही बोला.

"चिमट्याचे ओठ घासलेले पाहिले तेव्हा मलाही वाटलं, कुणीतरी या बाईंच्या जिवावर उठलंय. पण घासलेल्या जागेवर काळा रंग दिला होता. एक नाही, दोन हात. नाजूक कुंचल्यानं, कडेला कुठे ओघळ नाही. उघड्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून माणूस रंग देतो. आता सांगा, जो सायकलवरच्या माणसाचा घात करायला निघालाय, तो सायकलला गंज चढेल याची काळजी करेल का? ज्यानं हे केलं त्याचा त्या सायकलवर आणि ती चालवणारीवर जीव होता."

बाबा उठून उभे राहिले. खुर्चीच्या पाठीला धरून.

"मी घासले," ते म्हणाले.

तिनं डोळे मिटले.

"संध्याकाळी दमून यायची. खाली अंधारात उकिडवं बसून तो नट सहा-सात फेरे सैल करायची, तेव्हा कुठे चाक त्या गाठींवरून निघायचं. सकाळी पुन्हा तितकेच फेरे. मी एकदा खाली जाऊन बघितलं. एवढा सुबक खटका, आणि टोकाला ही गाठ. मला वाटलं, ओतकामात राहून गेलेली कड आहे. कारखान्यातल्या कुणाची तरी हयगय." ते पुन्हा खुर्चीत बसले. "आठ महिने झाले. नुसता खटका उघडला की चाक हातात. किती खूश झाली होती पोर. ती पडली त्या दिवसापासून विचार करतोय, त्या गाठी कशासाठी होत्या."

मला त्यांच्याकडे बघवेना. ते ओठ हवेतच म्हणून कारखान्यात भांडलेल्यांमध्ये मी होते. लोकांनी आम्हाला शिव्या घातल्या, झटपट निघणारं चाक तुम्ही रेंगाळत काढायला लावता म्हणून. आम्ही म्हणायचो, लोकांना अक्कल नाही. पण ती कड कशासाठी आहे, हे एका साध्या वाक्यात कुणाला सांगावं, असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

"मागच्या शनिवारी मला दिसलं," मिस्त्री म्हणाला. "नर्सताईंना विचारलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं की ओठ कशासाठी असतात. म्हणाल्या, बाबांना कळलं तर ते खचतील, नवा चिमटा मागवा, आला की गुपचूप बदलू. तोवर त्या स्वतः खटका नीट मिटतात, हे मी पाहिलं होतं. म्हणून सायकल दिली. नको होती द्यायला."

"बाबा!" नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही विचारायचंत तरी कुणाला! तुमच्यामुळे आज ती..."

"थांबा," मी म्हणाले. "ओठ आठ महिने नव्हते आणि आठ महिने चाक पडलं नाही. खटका नीट मिटला असेल तर ओठांची गरजच लागत नाही. सोमवारी वेगळं काय झालं, ते अजून राहिलंय."

मी चिमटा पलंगाच्या कठड्याला बांधला. हा नर्सच्या सायकलचाच होता, ओठ नसलेला. चाक नवऱ्याच्या हातात दिलं.

"बसवा."

"मी? मला काय..."

"गुरुवारी मी विचारलं, सोमवारी सकाळी चाक कुणी बसवलं. तुम्ही म्हणालात, तीच बसवते, रोज. एका मात्रेसाठी पेन काढणारा माणूस 'सोमवार' विचारल्यावर 'रोज' असं उत्तर देईल, हे मला पटलं नाही. तुमच्या अंगठ्याला काय झालंय?"

त्यानं अंगठा मुठीत लपवला. मग खाली बसला. चाक खाचेत घातलं. खटका आधी मिटवून आडवा केला, आणि मग तो दांडीसारखा धरून गरगर फिरवू लागला. नट पिळावा तसा. चिमट्यावर दातेरी टोपी करकरली. दात-ओठ खाऊन त्यानं शेवटचा पिळा दिला.

"असं," तो म्हणाला. "याहून घट्ट होणंच शक्य नव्हतं. अंगठ्याची साल निघाली माझ्या. म्हणून तर मी ठामपणे सांगत होतो की दोष दुकानाचा..."

मी कठड्याला हातानं दोन-तीन दणके दिले. चाक खाचेतून उतरलं, फरशीवर टप्पा खाऊन पलंगाखाली गेलं.

खटका तसाच होता. मिटलेला.

"खटका फिरवायचा नसतो हो," मी शक्य तितक्या हळू म्हणाले. "तो दाबून मिटायचा असतो. त्याच्या आत एक फुगीर तुकडा असतो, तो दाबल्यावर चाक आवळलं जातं. नुसतं फिरवून कितीही पिळलं तरी हादऱ्यांनी सैल होतं. बघणाऱ्याला मात्र घट्ट मिटलेलं दिसतं. म्हणून त्यांनीही खाली आल्यावर पुन्हा तपासलं नाही."

मिस्त्रीनं वाकून चाक काढलं आणि उगाच त्याचे आरे पुसत राहिला. नवरा फरशीवरच बसून होता. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्यानं तो झटकला नाही.

पेन्सिलीची करकर ऐकू आली. तिनं वही नवऱ्याकडे वळवली.

*तू बसवलंस?*

"सहा दिवस झाले होते," तो म्हणाला. "रोज ठरवायचो, आज माफी मागू. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करत दिवस जातो, आणि मला स्वतःचं एक जुळेना. म्हटलं, पहाटे चाक तरी खाली नेऊन बसवावं. तिला कळेल. बाबांसमोर सांगायची लाज वाटली, म्हणून गुरुवारी..."

ती लिहीत होती. पेन्सिलीचं टोक मोडलं, मी दुसरी दिली.

*मला वाटलं बाबांनी. तू बसवलंस हे कळलं असतं, तर मी तेव्हाच जिना चढून वर आले असते.*

६

मी अहवाल लिहिला. त्यात तिघांच्याही चुका आल्या आणि चौथा परिच्छेद आमच्या कारखान्याबद्दल, ओठ कशासाठी ते कुणालाच न सांगितल्याबद्दल, आला. मिस्त्रीच्या दुकानाचं सील निघालं त्या दिवशी नवरा स्वतः तिथे गेला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत दुपारपर्यंत उभा राहिला, की तक्रार माझी होती आणि ती चूक होती. शेवटी मिस्त्रीच त्याला म्हणाला, "आता पुरे, धंदा करू द्या." नवा चिमटा त्यानं दुसऱ्याच दिवशी बसवला.

बाबांनी मात्र टेबलावर कापड टाकलं ते टाकलंच. घड्याळ नाही, कानस नाही. कुणी काही दुरुस्तीला आणलं तर म्हणत, आता माझा हात बरोबर नाही. दोन आठवडे असे गेले. मग इस्पितळातून सुनेनं एक पाकीट पाठवलं. आत तिचं मनगटी घड्याळ, ज्यावर ती नाडी मोजायची. पडताना काच फुटून काटे वाकले होते. सोबत डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी: *बाहेर कुठे द्यायचं नाही. मला कामावर लागेल.* बाबांनी दोन दिवस ते पाकीट उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी कापड काढलं.

पाच आठवड्यांनी तिच्या जबड्याच्या तारा काढल्या, तेव्हा तिच्या निरोपावरून मीही गेले होते. डॉक्टरांनी आरसा दाखवला, म्हणाले, हळूहळू काहीतरी बोला बघू. बाबा, नवरा आणि मी, तिघे पलंगाच्या पायथ्याशी ओळीनं उभे. तिनं दोनदा ओठ हलवले. आवाज फुटला नाही.

नवऱ्याला राहवलं नाही. "अजून रागावली आहेस का गं?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. पाच आठवड्यांनंतरचा पहिला शब्द. घोगरा, पण अगदी स्पष्ट.

त्याची मान खाली गेली.

"चाकाचा राग नाही," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "तू लोकांसमोर बोललास, त्याचा आहे."

"बरोबर आहे."

"मग बॅग उचल. इथं बोललं की दुखतं." तिनं डावा हात त्याच्यापुढे केला. "घरी जाऊन नीट भांडू."